अकरा नंबरची बाटली

हात बसवताना हातवाले कधी तोंड बंद ठेवत नसत. समोरचा माणूस गोष्टीत रमला की खांदा सैल सोडतो, आणि खांदा सैल पडला की पट्टा नीट बसतो. कृत्रिम हात करण्यात त्यांचा हात धरणारं शहरात कुणी नव्हतं. गप्पा मारण्यातही नव्हतं.

आज विषय होता काल पाहिलेल्या सिनेमाचा.

“काय सिनेमा आहे बाई, काय सांगू तुम्हाला!” शाळेतल्या बाईंच्या डाव्या कोपराखाली पट्टा आवळत ते म्हणाले. “एक काळी नर्स. हॉस्पिटल सगळं गोऱ्यांचं. एक म्हातारा तिला अंगाला हात लावू देईना, तिच्या हातचं पाणीसुद्धा घेईना. आणि शेवटी, बरं का, जायच्या वेळी त्यानं हात धरला कुणाचा? तिचाच! पडदाभर नुसते दोन हात. एक पांढराफटक, एक काळाभोर. आणि तो काळा हात काय देखणा दिसतो म्हणता! शिरा, नखं, एकेक रेघ. चाळीस वर्षं हातच करतोय मी, पण असा हात पाहिला नव्हता. रडलो चक्क. माझा रुमाल भिजला, मग बायकोचा घेतला.”

बाई हसल्या. शेजारी बसलेल्या त्यांच्या आईही हसल्या. पट्टा झकास बसला.

“आता बघा,” म्हणत हातवाल्यांनी नव्या हातावरचं फडकं काढलं.

काम चोख होतं. उजव्या हातावरून उचललेली पेरं, सुरकुत्या, करंगळीचा किंचितसा बाक, काही म्हणून सुटलं नव्हतं. बाईंनी दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. उजवा काळा होता. डावा गव्हाळ.

“अगंबाई, किती उजळ!” आई म्हणाल्या. “छानच दिसतोय.” पण त्यांनी त्याला हात काही लावला नाही.

“नऊ नंबर!” हातवाले खुशीत आले. “बाईंचा खरा रंग अकरा. पण सावळ्या माणसाला मी नेहमी दोन नंबर उजळ देतो, आपल्याकडून. आजवर एकानंही तक्रार केलेली नाही.”

बाई हातांकडे बघत राहिल्या.

“काका, त्या सिनेमातली नर्स तुमच्याकडे हात करायला आली असती, तर तिला किती नंबर दिला असता?”

हातवाले फडक्याची घडी घालू लागले.

“उद्यापासून शाळा आहे माझी,” बाई म्हणाल्या. “मुलं आधी हाताकडेच बघणार. हात नवा आहे, हे मी त्यांना सांगेन. पण बाईंना स्वतःचा रंग आवडत नाही, हे नाही सांगायचं मला.”

“राहू दे गं,” आई हळूच म्हणाल्या. “चांगल्या मनानं दिलाय त्यांनी.”

“म्हणूनच बोलतेय, आई. वाईट मनानं दिला असता तर उठून गेले असते.”

हातवाल्यांना लाज वाटली. कानापर्यंत वाटली. काल दोन रुमाल भिजवणारा माणूस आज सकाळी ब्रश घेऊन तोच रंग झाकत बसला होता, आणि वर शाबासकीची वाट बघत होता. पण माणूस सच्चा. सारवासारव करत बसला नाही. उठला आणि कपाटाशी गेला.

कपाटात रंगांच्या बारा बाटल्या होत्या. पहिल्या सहा जवळजवळ संपलेल्या. अकरा नंबरची आणली तशी भरलेली होती. त्यांनी ती पुसली आणि झाकण फिरवलं. हलेना. गरम पाण्यात धरून पाहिलं, टेबलाच्या कडेवर ठोकून पाहिलं. झाकण ढिम्म.

“आणा इकडे,” आई म्हणाल्या. त्यांनी बाटली रुमालात धरली आणि एका हिसक्यात उघडून दिली.

“खिडकीशी या बाई. डावा काढून द्या, उजवा उजेडात धरा.”

अकरा नंबर पुरला नाही. पेरांवर रंग दाट होता, बोटांच्या बाजूंना तांबूस, नखांच्या मुळाशी जांभळट, आणि तळवा तर पार निराळा. हातवाले थेंब थेंब मिसळत होते, नव्या हातावर लावत होते, पुसत होते, पुन्हा बाईंच्या हाताकडे बघत होते. चष्मा दोनदा पुसून झाला. एवढ्या वेळात ते एकदाच बोलले.

“मापं घेताना दहा वेळा धरला होता हा हात. बघितला मात्र आज.”

गरम हवेच्या पेटीतून हात बाहेर आला तेव्हा दुपार कलली होती. त्यांनी तो बसवला. पट्टा आवळताना कुठलीही गोष्ट सांगितली नाही, आणि बाईंचा खांदा सैलच होता. बाईंनी दोन्ही हात पुन्हा टेबलावर ठेवले. बराच वेळ बघितले. मग हातवाल्यांकडे बघून त्या नुसत्या हसल्या, आणि हातवाल्यांना पुन्हा रुमाल शोधावा लागला.

“चल, उशीर झाला,” आई म्हणाल्या आणि सवयीनं लेकीचा हात धरून निघाल्या. पार दाराशी गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण डावा धरलाय. त्यांनी तो सोडला नाही.