रोवण्याच्या तोंडावर

"ऑपरेशन नाई करायचं," धनराज बायकोच्या खाटेपाशी येऊन म्हणाला. "चाल घरी."

कमला हलली नाही. हाताला सलाईन होतं, अंगात दवाखान्याचा हिरवा झगा. पित्ताच्या पिशवीतल्या खड्यांनी तिला वर्षभर लोळवलं होतं. आतापर्यंत त्यासाठी नागपूर गाठावं लागे. या पावसाळ्यात तालुक्याच्या दवाखान्यात दुर्बिणीची मशीन आली आणि त्या मशीनवरचं पहिलं ऑपरेशन आज कमलाचं होतं.

"तुह्यावर शिकून राह्यले ते," धनराजनं आवाज चढवला. "सीतावहिनीचं पोट फाडलं, तवापासून तिच्यानं भारा उचलत नाई. तू पडली तर धानाचा रोवणा कोण करीन?"

डॉक्टर संघप्रिया दारात येऊन थांबल्या होत्या. "मशीन इथी नवी हाय, भाऊ. नागपुरात मी रोज हेच करत होती," त्या म्हणाल्या. "पोट फाडत नाई. बारीक भोकं पाडून दुर्बीण आत घालतो. पण कमलाबाई, तुमचं मन नसन तर आज राहू द्या. काई जबरदस्ती नाई."

धनराजनं तिच्या चपला आणून खाटेपाशी सरळ मांडल्या.

कमलानं पाय खाली सोडले आणि त्याच पायानं चपला खाटेखाली लोटून दिल्या.

"पोट माहं हाय," ती म्हणाली. "चला बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंत न धरता वऱ्हांड्यापर्यंत जाऊन आली. दुखत होतं, पण ते जुनं, जीव घेणारं दुखणं नव्हतं. धनराजनं तिच्या पोटावरच्या चिकटपट्ट्या पाहिल्या. पुन्हा वाकून पाहिल्या. त्याचा चेहरा खुलला.

"बस, इतकंच? मंग तं सोमवारी रोवण्याले धानाच्या बांधीत उतरशीन तू! मजूर भेटूनच नाई राह्यले."

कमला त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. काल पोट फाडतील म्हणून रोवणा अडत होता. आज फाडलं नाही म्हणून रोवणा पुढ्यात आला होता.

"डॉक्टरबाईनं वाकू नको म्हणलं," ती म्हणाली. "त्या हो म्हणतपर्यंत मी नाई वाकणार."

"लोक हासतीन. एवढ्याशा भोकासाठी..."

"भोकं लहान हायत. मी नाई."

सगळा वॉर्ड ऐकत होता. कमलानं उशाचा स्टीलचा गिलास उचलून नवऱ्यापुढे धरला.

"चहा आणा. अन् पहिले गिलास धुऊन घ्या."

गिलास थोडा वेळ तसाच दोघांच्या मध्ये राहिला. मग धनराजनं तो घेतला आणि मान खाली घालून नळाकडे निघाला.