दहाव्याचा कावळा

काश्मीरच्या लढाईत बेपत्ता झालेल्या सयाजीचा दहावा आठ वर्षांनी चऱ्होलीच्या घाटावर घातला गेला. त्याशिवाय त्याच्या बायकोचा, यशोदेचा, दुसऱ्या लग्नाचा पाट लागणार नव्हता. पिंडाला कावळा शिवला नाही, तर माणूस जिता आहे म्हणून गाव अडून बसणार, याचीच धाकधूक होती.

सयाजीच्या आईला, शालनबाईंना, तो बेपत्ता झाल्याची खबर घेऊन आलेल्या, त्याच्या पलटणीतल्या सुभेदारांचं बोलणं आठवलं. "वहिनी, असा हरवलेला शंभरात एखादा माघारी येतो."

"मग त्यो एखादा माझाच असंल," त्या तेव्हा फाडकन म्हणाल्या होत्या.

पिंड मांडून पुरती पाठ वळली नाही तोच कावळा झेपावला. "शिवला, शिवला!" लोकांनी सुस्कारा सोडला. यशोदा सासूच्या गळ्यात पडली.

"नगं रडू, पोरी. आता मोकळ्या मनानं जा."

सयाजीच्या वाटणीची भाकरी शालनबाई रोज झाकून ठेवत. गेला महिनाभर मात्र धुण्याच्या निमित्तानं त्या ती घाटावर आणून कावळ्यांना चारत होत्या.

त्या संध्याकाळी ती भाकरी त्यांनी पुन्हा सयाजीसाठी झाकून ठेवली.