पिल्लाची सोयरीक

"पाणी कुटं हाय पिल्लाचं?"

धुळाबा धनगरानं कुत्र्याच्या पिल्लाची करवंटी उलटी करून दाखवली. कोरडी ठणठणीत! समोर कोंडिबाची तिन्ही पोरं माना खाली घालून उभी होती. थोरली रंभा, मधला भिवा आणि नाक ओढणारी धाकटी साळू.

"मी इसरलो," भिवा म्हणाला.

"इसरलास? आरं, तहान लागली म्हंजी हे तुला हाक मारून सांगनार हाय व्हय? न्हाई जमत तुमास्नी. अजून न्हाई."

सगुणाबाई चुलीपासून धावत आली आणि तिनं लेकाच्या पाठीत धपाटा घातला. "मुडद्या, लक्ष कुटं आसतंय तुजं? आता मामांना आनखी एक दिस खोळंबा!"

धुळाबा काठी टेकत गोठ्याच्या ओट्यावर जाऊन बसला. तोंड एरंडेल प्याल्यासारखं केलेलं. पण खरं सांगायचं तर म्हातारा मनातून सुखावला होता, आणि सुखावल्याची त्याला लाज वाटत होती.

त्याचं असं होतं. दर साल दिवाळी झाली की धुळाबाच्या मेंढ्या कोंडिबाच्या रानात बसायच्या. शेताला लेंडीखत, धनगराला दाणागोटा, हा बापजाद्यांपासूनचा रिवाज. मग कळप घाटानं कोकणात उतरायचा. औंदा वरच्या खोऱ्यात धरणाचं पाणी चढलं आणि नेहमीची वाट बुडाली. आता लांबचा वळसा आणि पुढं उभा उतार. धुळाबाच्या गुडघ्यांनी तर कधीच राम म्हटला होता. मागल्या साली थोरल्या लेकानं, म्हसूनं, त्याला पाठुंगळी घेऊन घाट उतरवला. उभ्या जन्मात लेकरासारखी कोकरं खांद्यावर वाहिलेला माणूस तो! त्या दिवशी त्यानं भाकरीला हात लावला नाही.

औंदा म्हसू कळप घेऊन पुढं निघाला. "आबा, पिल्लू चांगल्या घरी दे आन मग ये सावकाश," एवढं बोलला आणि मेंढ्यांमागं गेला. सावकाश म्हणजे कसं, ते ना लेकानं सांगितलं ना बापानं विचारलं. एकट्यानं तो घाट उतरायचा म्हणजे मरणाशीच गाठ होती.

"हितंच ऱ्हावा की मामा," असं कोंडिबा एकदाच म्हणाला होता. काय भडकला म्हातारा! "मी काय भिकारी हाय? धनगर कुनाच्या दारात फुकाचं खात न्हाई." काठी उचलून निघालाच होता. सगुणाबाईनं हातापाया पडून थांबवला, ते पिल्लाचं काम व्हायचंय म्हणून.

आणि पिल्लाचं काम म्हणजे काही पोरखेळ नव्हता. धनगर कुत्रं विकत नाही आणि कुणाच्या गळ्यातही मारत नाही. लेक देताना घर बघतात, तसंच हे. धुळाबानं अट घातली होती. एक आख्खा दिवस पोरांनी एकही चूक न करता काढायचा. तो दिवस निघाला की पिल्लू त्यांचं, आणि धुळाबा घाटाच्या वाटेला.

तो दिवस काही निघेना. रंभानं दोरीची गाठ सैल ठेवली आणि पिल्लू शेजारच्या कोंबड्यांत घुसलं. साळूनं तव्यावरची गरम भाकरी घातली. गरम खाऊन कुत्र्याचं नाक मरतं, हे तिला शंभरदा सांगून झालेलं. भिवानं झोपलेल्या पिल्लाची शेपटी ओढली. एक सुधारलं की दुसरं बिघडायचं. इतकी वेंधळी पोरं धुळाबानं कुठं पाहिली नव्हती.

पिल्लू मात्र दिवसागणिक गुबगुबीत होत होतं. देवाची करणी, दुसरं काय!

मग एका दुपारी धुळाबा बांधावर बसलेला असताना आंब्यामागून पिल्लाचं केकाटणं ऐकू आलं. तो उठेपर्यंत तिन्ही पोरं तिथं पोचली होती. पायात बाभळीचा काटा मोडला होता. रंभानं पिल्लाला मांडीत घट्ट धरलं, भिवानं दातांनी काटा उपसला, साळू पळत जाऊन हळद घेऊन आली. रडणं नाही, गोंधळ नाही. हळद लावून झाल्यावर तिघं आळीपाळीनं पिल्लाच्या कानात काहीबाही पुटपुटत होती.

धुळाबाचे डोळे भरून आले. धनगरांच्या वाड्यावरच्या पोरांनीही याहून चांगलं केलं नसतं. पिल्लाला घर मिळालं होतं.

आणि मग त्याच्या ध्यानात आलं. पोरं कधीच तयार झाली होती. आपणच चुका वेचत बसलो, त्याही भाकरीसाठी? म्हाताऱ्याला स्वतःची किळस आली. उभ्या आयुष्यात लबाडी केली नाही, ती आता सरणाच्या वाटेवर करायची?

तो ओट्याशी आला. घोंगडी गुंडाळली. त्या उताराची त्याला भीती वाटत होती, चांगली लेकरासारखी भीती. कुणी बघत नव्हतं म्हणून त्यानं डोळे पुसले. घोंगडी खांद्यावर टाकली आणि पोरांना सांगायला निघाला, की घ्या लेकरांनो, पिल्लू तुमचं झालं.

दाराशी पोचला तेव्हा आत तिन्ही पोरं आईभोवती जमली होती. कुडाच्या भिंतीआडून सगुणाबाईचा दबका आवाज आला.

"काटा काढताना मामांनी बघितलं तर न्हाई ना? बरं, आता सांगा, आज चुकायची पाळी कुनाची?"