तिकडचा आकडा

टोपडी विणणाऱ्या काकूंनी चष्म्यासाठी टोपड्यामागे पाच रुपये जास्त मागितले, तेव्हा व्यापाऱ्याने पडेल चेहऱ्याने मोबाईलवर आपलं ऑनलाइन दुकान उघडून दाखवलं. “बघा काकू, किंमत चाळीस. त्यातले पस्तीस तुम्हाला देतो. मी काय खाऊ?” काकूंचा जीव कळवळला. चष्मा राहिला बाजूला, त्यांनी आपणहून मजुरी तीसवर आणली. महिन्याभराने भाचीने तेच दुकान स्वतःच्या फोनवर उघडलं, तर तेच टोपडं साडेतीन हजारांना! “अगं मावशी, ज्या देशातलं गिऱ्हाईक, त्या देशाच्या पैशांत किंमत दिसते. त्याने तुला परदेशातला, डॉलरमधला आकडा दाखवला!” दुसऱ्या दिवशी व्यापारी आला, तशी काकूंनी टोपड्यांची पिशवी मांडीखाली दाबली. “मला तीसच द्या, पण तिकडचे.” व्यापारी हसला. “राहता इथे, आणि पैसे तिकडचे?” पंचवीसला विणून देणारी शेजारीण त्याच्यामागेच उभी होती. काकूंनी पिशवी पुढे सरकवली.