डोक्याला डोकं

भार्गवीच्या कानामागे आज पुन्हा लाल बोटं उमटली होती. आणि डोक्यात पुन्हा उवा.

अपर्णाने फणी ओढली. पांढऱ्या टॉवेलवर दोन टपोऱ्या उवा पडल्या आणि तुरुतुरु चालायला लागल्या. तिने त्या नखावर चिरडल्या. अगं बाई, रविवारी तर डोकं अगदी लख्ख केलं होतं! कापूर घातलेलं खोबरेल झालं, कडुनिंब झाला, महागडं लोशन झालं. उशांचे अभ्रे उकळून झाले. बाईंनी वर्गातल्या सगळ्या मुलींची डोकी तपासली, एकीच्याही केसांत लीख नव्हती. घरात तर कुणाच्याच नाही. मग या मेल्या येतात कुठून?

आणि वेण्यांचं काय? अपर्णाला घट्ट वेणी कधी जमलीच नाही. सकाळी ती दोन ढिल्या वेण्या घालून पोरीला पाठवायची. दुपारी पोरगी परत यायची ती चापूनचोपून घातलेल्या वेण्या घेऊन.

"भार्गवी, खरं सांग. कोण घालतं तुझी वेणी?"

सात वर्षांच्या भार्गवीने मान वर केली आणि समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "ती आई. रिसेसमध्ये येते. मागच्या गेटला, पिंपळाखाली. तिचे हात लालच असतात."

भिंतीवर मधुराचा फोटो होता. अरविंदची पहिली बायको. फोटोला चंदनाचा हार. कोविडात इंदूरच्या दवाखान्यात गेली, शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही, असं अरविंदने लग्न ठरताना सांगितलं होतं. मग तो दोन वर्षांच्या मुलीला घेऊन देवासहून उज्जैनला आला. हार त्यानेच घातला होता.

अपर्णाच्या अंगावर सरसरून काटा आला. भार्गवीने तिला आई म्हणावं म्हणून तिने तीन वर्षं जिवाचं रान केलं होतं. आता ही आपली पोर न्यायला आली की काय?

संध्याकाळी तिने अरविंदला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "शाळा बदलू," तो लगेच म्हणाला. "नानाखेड्याला आहे एक चांगली."

"शाळा बदलून काय होणार? अहो, उद्या अविधवा नवमी. या वर्षी तरी सिद्धवटावर जाऊन तिचे पिंड घाला."

"मी असलं काही मानत नाही. आणि तूही कुठे बोलू नकोस."

तो मानत नव्हता, पण अपर्णा मानत होती. सवाष्णपणी गेलेल्या बाईची ती तिथी. लग्न झाल्यापासून दरवर्षी ती मधुराच्या नावाने पान वाढायची, सवाष्ण जेवू घालायची, खण-नारळाने ओटी भरायची. सवतीचा आत्मा शांत राहावा, लेकरावर सावली पडू नये, एवढंच मागणं.

नवमीला सकाळी भार्गवीची परीक्षा होती, नाहीतर अपर्णाने तिला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. खीर झाली, वडे झाले. मधुराचं पान वाढायच्या आधी ती फ्रीगंजला गेली, आणखी जालीम औषध मिळतं का बघायला.

औषधवाला हसला. "दीदी, दवाई तो ठीक है। बच्ची किसी के सिर से सिर लगाकर बैठती होगी। पहले उसका इलाज करो।"

"तकिये में, पुराने कपड़ों में भी तो रह जाती होंगी?"

"एक-दो दिन, बस। खून नहीं मिला कि खत्म। जूं तो जिंदा आदमी के सिर पर ही पलती है।"

अपर्णा पायरी उतरली आणि भर उन्हात उभी राहिली. लोक धक्के देऊन जात होते. जिवंत माणसाच्या डोक्यावर. या वेळी तिला भीती वाटली नाही, संताप आला. तीन वर्षं! तीन वर्षं मी कुणाचं पान वाढत होते?

तिने अरविंदला बँकेत फोन लावला.

"अहो, मधुरा कुठल्या दवाखान्यात गेली होती?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग अरविंदने हळू आवाजात विचारलं, "कुणी सांगितलं तुला?"

"उवांनी," अपर्णा म्हणाली आणि फोन बंद केला.

घरी येऊन तिने खुर्चीवर चढून फोटोवरचा हार काढला. मधुराच्या पानात वाढायचं सगळं तिने डब्यात भरलं. खण आणि नारळ पिशवीत टाकला. फणी आणि टॉवेलही टाकला.

रिसेसची घंटा झाली तेव्हा ती शाळेच्या मागच्या गेटला पोचली होती. पिंपळाच्या पारावर एक वाळलेली बाई बसली होती. भार्गवीला मांडीत घेऊन, तिच्या केसांवर गाल टेकून. मधेच ती स्वतःचं डोकं कराकरा खाजवत होती. हात मनगटापर्यंत लाल होते. भैरवगढला कापडावर ठसे मारणाऱ्या बायकांचे असतात तसे.

अपर्णाला बघून ती दचकून उठली. "जाते मी. पोलिसात देईन म्हणाले होते ते, हिच्याजवळ दिसले तर. फक्त वेणी घालते हो. दुसरं काही नाही."

भार्गवी दोघींच्या मधे उभी होती. एकीकडे बघत होती, मग दुसरीकडे.  पोर न्यायला आलेलं भूत असतं तर बरं झालं असतं, असं अपर्णाला क्षणभर वाटून गेलं. भुताला पिंड घालून वाटेला लावता येतं.

तिने डबा पारावर ठेवला. पिशवीतून फणी काढली, टॉवेल पसरला.

"बसा मधुराताई," ती म्हणाली. "आधी तुमचं डोकं बघते. मग जेवा."