पाटीची दुसरी बाजू

व्हर्नाकाकूंच्या पोर्चवरच्या पाटीचं सगळी गल्ली कौतुक करायची. फुकटच्या फळीवर त्यांनी घरक्रमांक आकड्यांऐवजी अक्षरांत लिहिला होता, वेलीसारखा वळवून, भोवती फुलं काढून. आज त्यांनी तीच फळी उलटवली, कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचे वीतभर साचे कापले आणि कुंपणाच्या उरलेल्या रंगाने ‘४२७’ उमटवलं. स्क्रू पिळताना मी म्हणालो, “काकू, हे तर चंद्रावरूनही दिसेल!” “रस्त्यावरून दिसलं तरी पुरे रे.” मी शेवटचा स्क्रू घट्ट केला. नोव्हेंबरात काकूंचे यजमान अर्लकाका छाती धरून कोसळले, तेव्हा अँब्युलन्स मीच चालवत होतो. गल्लीत नवा होतो. आकडे शोधत त्या पाटीसमोरून दोनदा पुढे गेलो. काका वाचले नाहीत. फुलं आता भिंतीकडे गेली. “गाडी घेऊन ये कोपऱ्यावरून,” काकू म्हणाल्या, “घर माहीत नसल्यासारखा.” मी गेलो, वळलो, आकडे वाचत आलो, पायरीसमोर थांबलो. काकूंनी घड्याळात पाहिलं. “चाळीस सेकंद.”