रेंज गेल्यावर

वादळाने कोकणातले टॉवर पाडल्याची बातमी बघून हेमांगीने घाईघाईने तिथे राहणाऱ्या आईला फोन लावला.

“आई, जेवलीस का?”

“जेवले गं. तू?”

आवाज अगदी स्वच्छ होता, म्हणूनच ती घाबरली. हल्ली रेंज गेली की फोन जुन्या बोलण्यावरून राहिलेले शब्द समोरच्याच्या आवाजात स्वतः भरायचा.

“गोळ्या घेतल्यास?”

“घेतल्या. काळजी करू नकोस.”

हे रोजचंच उत्तर. फोनला माहीत नसेल असं काहीतरी विचारायला हवं होतं, पण तिला काही सुचेना. शेवटी तिने विचारलं, “आई, एकटीला भीती वाटते का गं तुला?”

पलीकडे शांतता पसरली. इतक्या वर्षांच्या बोलण्यात फोनला त्याचं उत्तर कुठेच सापडलं नाही.